बोट लागते ती कानात, पोटात नाही

मराठीत गाडी लागते, बोट लागते. ऊन लागावं, दृष्ट लागावी तशी. या क्रियापदात एक गोम आहे. लागणारी गोष्ट बाहेरून येते आणि आपल्या हातात फारसं काही नसतं, असं ते सुचवतं. क्रूझचं बुकिंग झालेल्या इंदूरच्या घरांतली चर्चाही याच सुरात चालते. "मला भेरूघाटात बस लागते, समुद्रात माझं काय होणार?" असं राजेंद्रनगरातल्या आत्या विचारतात. कुणाला करोनाच्या वेळचं ते अडकलेलं जहाज आठवतं. कुणी सांगतं, जहाजावर म्हणे जुलाब-उलट्यांची साथ येते. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून "भैया, उलटीची गोळी द्या" म्हणून दहाची पट्टी आणतात आणि मोठ्या बॅगेत टाकतात. तयारी झाली! त्यात दोन चुका झालेल्या असतात. गोळी बहुधा चुकीची असते आणि बॅग नक्कीच चुकीची असते.

दोन्हींचं कारण कळायला आधी कानात डोकवावं लागेल.

कानातली पाणसळ

गवंडी पाणसळ लावतो तेव्हा नळीतला बुडबुडा मधोमध आला का ते बघतो. आपल्या कानाच्या आत, कवटीच्या हाडात, अशीच व्यवस्था आहे. प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं कुठल्या दिशेला वळलं ते त्यातला द्रव सांगतो. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. लिफ्ट वर निघाली, बसने कचकन ब्रेक मारला, की हे खडे किंचित सरकतात आणि मेंदूला खबर जाते. मेंदू ही खबर डोळ्यांनी दिलेल्या खबरेशी आणि पाय-मानेच्या स्नायूंच्या खबरेशी सतत ताडून बघत असतो.

जहाजाच्या केबिनमध्ये डोळे म्हणतात, पलंग, आरसा, भिंत, सगळं जागच्या जागी आहे. कान म्हणतात, आत्ता वर गेलो, आता खाली, आता डावीकडे कललो. हिशेब जुळत नाही, आणि न जुळलेल्या हिशेबाची शिक्षा पोटाला होते. कारण असं सांगतात की असा गोंधळ निसर्गात विषबाधेनेच व्हायचा, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला निघतो. ते काही असो, मूळ कानात आहे हे पक्कं. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते त्यांना बोट लागत नाही. दृष्टी नसलेल्यांना मात्र लागू शकते.

सगळ्या हालचाली सारख्या त्रास देत नाहीत. सर्वात वाईट म्हणजे संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला बारा. चालताना डोकं यापेक्षा कितीतरी भरभर वर-खाली होतं, पण चालून कुणाला मळमळत नाही. म्हणूनच "आम्ही हनुवंतियाला क्रूझमध्ये बसलोय, काही झालं नाही" हा पुरावा समुद्रावर चालत नाही. धरणाच्या पाण्यावरच्या लाटा छोट्या आणि भरभर येणाऱ्या असतात. समुद्रात शेकडो किलोमीटरवरून आलेली लांब, संथ लाट जहाजाखालून सरकते, आणि ती नेमकी त्या वाईट पट्ट्यात बसते. भेरूघाटाचा किंवा मानपूरच्या घाटाचा पुरावा मात्र थोडा कामाचा आहे. ज्यांना वळणांवर बस लागते त्यांना समुद्र लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, इतकंच. चांगल्या ऋतूत मोठ्या जहाजाचं हलणं घाटातल्या बसपेक्षा पुष्कळ सौम्य असू शकतं.

कुणाला जास्त लागते, याबद्दल घरोघरी उलटा अंदाज असतो. काळजी आजी-आजोबांची करतात, पण वय वाढतं तसा हा त्रास साधारणपणे कमी होतो. दोन वर्षांखालच्या बाळांना तो क्वचितच होतो. सर्वात जास्त त्रास सहा ते बारा वर्षांच्या मुलांना होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी जास्त, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना खूपच. याचा धैर्याशी किंवा 'नाजूकपणा'शी संबंध नाही. नेल्सनसारखा नौदलाचा सेनापती आयुष्यभर समुद्रावर मळमळत राहिला. डार्विनला १८३१ ते १८३६ या पाच वर्षांच्या सफरीत जहाजाची सवय कधी नीट झालीच नाही.

तिकीट काढताना

ऋतू आणि केबिन, या दोन गोष्टी तिकीट काढतानाच ठरतात, नंतर बदलता येत नाहीत.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. गेटवे-मांडवा लाँच भर पावसाळ्यात बंद असतात आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या लोटतात. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च हा सर्वात शांत काळ. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. दिवाळीच्या सुट्टीतलं स्वस्त तिकीट दिसलं तर हे लक्षात ठेवा.

केबिनचं गणित कळायला अनंत चतुर्दशीच्या मेळ्यातला 'कोलंबस' झुला आठवा. टोकाला बसलेल्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि मधल्या रांगेतली माणसं मजेत हसत असतात. जहाजही असंच हलतं. पुढचं नाक वर-खाली होतं, मागचं शेपूट उलटं वर-खाली होतं, आणि मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. डावी-उजवीकडे कलण्यात वरचे मजले जास्त फिरतात, खालचे कमी. म्हणून लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. गंमत अशी की वरची केबिन महाग आणि खालची स्वस्त असते, तेव्हा ज्याला बोट लागते त्याचे इथे पैसेही वाचतात. खिडकी असेल तर उत्तम, कारण डोळ्यांना क्षितिज दिसतं. बिनखिडकीची पण मधली केबिन आणि खिडकीची पण अगदी पुढच्या टोकाची केबिन, यांत निवड करायची झाली तर आम्ही मधली घेऊ. 'केबिन नंबर कंपनी नंतर देईल' अशा सवलतीच्या तिकिटात मात्र कुठलं टोक वाट्याला येईल ते सांगता येत नाही.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात आणि ते डावं-उजवं कलणं पुष्कळ कमी करतात. नाकाचं वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. शिवाय जहाज वेगात असतानाच ते नीट काम करतात. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज किनाऱ्याला लागत नाही, स्थिरक नसलेल्या लहान होड्यांतून बेटावर नेतात. सबंध सफर ठणठणीत काढलेल्या माणसाला नेमकी त्या वीस मिनिटांच्या होडीत उलटी होते, ती म्हणूनच.

गोळी: कोणती, किती, कधी

दुकानात 'उलटीची गोळी' मागितली की बहुतेक वेळा ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन हातात पडतं. पोट बिघडून उलट्या होत असतील तर ही औषधं आपल्या जागी बरोबर आहेत. पण बोट लागण्याचा उगम कानात आहे, आणि तिथल्या गोंधळावर यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. चक्कर येते म्हणून घरात पडून असलेली बीटाहिस्टीनची पट्टीही या कामाची नाही. ॲलर्जीसाठीच्या, झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्याही नाहीत. उपयोगी पडतात त्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या. म्हणून दुकानात उलटीचं नाव काढू नका, 'गाडी लागू नये म्हणून' गोळी मागा आणि पट्टीवरचं औषधाचं नाव वाचा.

आपल्याकडे सर्रास मिळणारी एक म्हणजे प्रोमेथाझिन, अव्होमिन या नावाने बहुतेकांना माहीत असलेली. मोठ्या माणसाला २५ मिलिग्रॅमची एक गोळी आदल्या रात्री झोपताना, किंवा निघण्याआधी एक ते दोन तास. असर चांगला, पण झोप जबरदस्त. दुसरी सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन, २५ मिलिग्रॅम. ही निघण्याआधी दीड-दोन तास घ्यावी, आणि नंतर गरज पडली तर सहा ते आठ तासांनी. हिने गुंगी तुलनेने कमी येते, म्हणून सफरीचा दिवस जागेपणी घालवायचा असेल तर बऱ्याच जणांना ही मानवते. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम तासभर आधी, दिवसातून एकदा. परदेशी जहाजांच्या दवाखान्यात सहसा हीच देतात. परदेशी लेखांत कानामागे चिकटवायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीबद्दल वाचायला मिळतं. ती निघण्याआधी चार तास लावायची असते आणि तीन दिवस काम देते. आपल्याकडच्या साध्या दुकानात ती सहसा मिळत नाही. कुणी बाहेरून आणून दिलीच तर लावल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दिसायला अंधुक होतं.

यातली कुठलीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागेल अशी माणसं बरीच आहेत: काचबिंदू असलेले, प्रोस्टेट वाढून लघवीला त्रास होणारे, फिट्स येणारे, गरोदर स्त्रिया, झोपेची किंवा मानसिक आजारांची औषधं चालू असलेले. पार्किन्सन असलेल्यांना प्रोमेथाझिन आणि सिनारिझिन दोन्ही त्रासदायक ठरू शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन अजिबात देऊ नये. त्यावरच्या मुलांची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, तेव्हा 'मोठ्यांची अर्धी' असा घरगुती हिशेब नको. सत्तरीच्या आजोबांना बोट लागण्याची भीती कमी असते, पण गोळीने गोंधळल्यासारखं होणं, लघवी अडणं, रात्री हलत्या बाथरूममध्ये तोल जाणं, ही भीती जास्त. त्यांना 'उगाच आधीच' गोळी देण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून ती हाताशी ठेवणं बरं. आणि गोळीवर दारू नकोच, एक पेगसुद्धा.

आता वेळेचं. मळमळ सुरू झाली की पोटातलं पुढे सरकणं मंदावतं. त्यानंतर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, आतड्यापर्यंत पोचत नाही, रक्तात उतरत नाही, आणि बहुधा दहा मिनिटांत बाहेर येते. मग लोक म्हणतात, गोळीने काही फरक पडला नाही. खरं तर गोळीला संधीच मिळालेली नसते.

दुसरं म्हणजे रंगीत तालीम. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी, एखाद्या रविवारी, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घरीच एकदा घेऊन बघा. दिवसभर कसं वाटतं, तोंड किती कोरडं पडतं, झोप किती येते, हे लोकमान्य नगरातल्या आपल्या सोफ्यावर कळलेलं चांगलं. त्या दिवशी स्कूटर चालवू नका.

आल्याचा उपयोग काहींना होतो. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण दिवसाला एक ग्रॅम सुंठ, म्हणजे सपाट अर्धा चमचा, बहुतेकांना बाधत नाही. आलेपाकाच्या वड्या याच कामासाठी खिशात ठेवायला सोयीच्या. रक्त पातळ ठेवण्याची औषधं घेणाऱ्यांनी मात्र आधी विचारावं. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दल पुरावा कमजोर आहे. अपायही नाही, तेव्हा हौसेने घालायला हरकत नाही. पण गोळी सोडून फक्त पट्टी, हा व्यवहार आम्ही करणार नाही.

निघायचा दिवस

मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी बोट लागण्याची शक्यता वाढते. खालचा बर्थ मिळाला तर घ्या, आणि बरोबरच्यांशी रात्री बारापर्यंत पत्ते खेळायचा बेत परतीसाठी ठेवा. मुंबई सेंट्रलला पहाटे-सकाळी उतरल्यावर बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर जायला टॅक्सीने फार वेळ लागत नाही. मधले तास उन्हात भटकण्यात आणि तळकट खाण्यात घालवले की जहाजावर पाऊल ठेवतानाच अर्धी लढाई हरलेली असते. उपाशीही राहू नका, रिकाम्या पोटी मळमळ लवकर येते. हलकं, कोरडं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. पोळी-बटाट्याची भाजी, इडली, केळं. आपलं परमल, म्हणजे मुरमुरे, उत्तम, फक्त त्यातली शेव घरी ठेवून या! इंदूरच्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण तेल आणि तिखट हे दोन्ही त्या पहिल्या संध्याकाळी शत्रू आहेत.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आधीच घेतात आणि त्या नंतर, कधी दोन-तीन तासांनी, केबिनच्या दारात येतात. जहाज तोपर्यंत बंदराबाहेर पडलेलं असू शकतं. म्हणून गोळ्या, रोजची औषधं, ओआरएसची पाकिटं, पाण्याची बाटली, उलटीच्या दोन-तीन पिशव्या आणि एक रुमाल खांद्यावरच्या पिशवीतच हवं. जहाज पाचला सुटणार असेल तर सिनारिझिन तीनला घ्यायची, टर्मिनलच्या रांगेत उभे असलात तरी. मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा, कारण त्या गर्दीत सगळे सगळं विसरतात.

बंदराच्या आत पाणी शांत असतं. त्या पहिल्या तासात लोक बुफेवर तुटून पडतात, आणि जहाज उघड्या समुद्रात शिरतं तेव्हा पोट गच्च भरलेलं असतं. पहिलं जेवण अर्धंच घ्या. रात्री दहाला भूक लागली तर जहाजावर खायला मिळतंच.

सुरू झालीच तर

उलटी अचानक येत नाही, आधी इशारे देते. विनाकारण जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, ढेकर येतात, कपाळावर गार घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, माणूस एकदम गप्प होतो. लहान मूल बडबडता बडबडता गप्प झालं तर त्याच्याकडे बघा. या टप्प्यावर हललात तर बहुतेक वेळा पुढचं टळतं.

पहिलं काम, मोबाईल खिशात. जवळच्या पडद्यावर खिळलेली नजर आणि हेलकावणारा कान, यापेक्षा वाईट जोडी नाही. मग उघड्या डेकवर, जहाजाच्या मधल्या भागात जा आणि क्षितिजावर नजर ठेवा. लाटांकडे किंवा बाजूने पळणाऱ्या फेसाकडे बघू नका. दूरची स्थिर रेघ दिसली की डोळ्यांचा आणि कानाचा हिशेब पुन्हा जुळायला लागतो. डेकवर जाणं शक्य नसेल तर केबिनमध्ये पाठीवर आडवे व्हा, डोळे मिटा, डोकं उशीत पक्कं टेकवा, एसीचा झोत चेहऱ्यावर घ्या. अर्धवट टेकून, डोळे उघडे ठेवून पडून राहणं सर्वात वाईट. पाणी घोट-घोट प्या, गटागट नको.

उलटी झालीच तर कठड्यावरून वाकू नका. तोल जाण्याचा धोका एकीकडे, आणि वारा समोरून असेल तर सगळं आपल्याच अंगावर येतं. पिशवी वापरा. लिफ्टजवळ किंवा स्वागत कक्षात ती सहसा मिळते. उलट्या थांबतच नसतील, पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी फार कमी आणि गडद होत असेल, तर जहाजावरच्या दवाखान्यात जा. तिथे इंजेक्शन देता येतं, आणि ते पोटाला वळसा घालून थेट काम करतं.

दिलासा एवढा की दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू नवा हिशेब शिकतो आणि त्रास आपोआप ओसरतो. दोन रात्रींच्या सफरीवर मात्र हा दिलासा मिळेपर्यंत परतीचं बंदर आलेलं असतं. म्हणून छोट्या सफरीला गोळीचं महत्त्व जास्त.

साथीची भीती

जहाजावरच्या जुलाब-उलट्यांमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. शंभरापेक्षा कमी कण पोटात गेले तरी तो पुरतो. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या आणि पातळ जुलाब सुरू होतात, आणि १ ते ३ दिवसांत धडधाकट माणूस बरा होतो. जहाजाचं नाव यात बदनाम होण्याचं एक कारण हिशेबाचं आहे. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना पोटाच्या आजारांची नोंद द्यावीच लागते, आणि ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की तिथलं सरकारी आरोग्य केंद्र जहाजाच्या नावासकट ते जाहीर करतं. एखाद्या लग्नात दोनशे जणांचं पोट बिघडलं तर त्याची यादी कोण लावतं? त्याच अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या सुमारे १ टक्का असतात.

बचावाचं साधन साबण आहे, सॅनिटायझर नाही. नोरोव्हायरसचं बाहेरचं आवरण अल्कोहोलने सहज मोडत नाही. बुफेच्या दारात सॅनिटायझरचा फवारा घेतला की लोक निर्धास्त होतात, आणि गफलत तिथेच होते. साबण लावून वीस सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुतलं की विषाणू मरत नसला तरी निघून जातो. आपण पोळी हाताने तोडून खाणारी माणसं, तेव्हा हे आपल्याला काटा-चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त लागू आहे. क्रम असा ठेवा: बुफेतला पळीचा दांडा शेकडो हातांनी धरलेला असतो, म्हणून ताट वाढून टेबलावर ठेवा, मग हात धुवा, मग जेवा. आणि जेवताना पुन्हा मोबाईल हातात घेऊ नका.

बोट लागली की साथ लागली, हे ओळखायचं कसं? समुद्र शांत असताना उलटी, बरोबर जुलाब, पोटात कळ, अंगात ताप, बरोबरच्या आणखी कुणाला तोच त्रास, यातलं काहीही असेल तर तो संसर्ग समजा आणि फोन करून दवाखान्याला कळवा. केबिनमध्ये अडकवून ठेवतील म्हणून लोक लपवतात. ते चुकीचं आहे, कारण कळवलं तर क्लोरीनयुक्त द्रावणाने ती जागा साफ होते. लपवलं तर पुढचा नंबर शेजारच्या पलंगावरच्या नातवाचा लागतो. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास इतरांपासून वेगळं राहणं योग्य.

उपचार म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्षार. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, त्यात पावडर साधारण साडेवीस ग्रॅम. पाकीट अर्धं ओतून पेल्यात अंदाजाने पाणी घातलं की ते फार खारट होतं आणि जुलाब वाढवू शकतं. लिटरची बाटली याचसाठी बरोबर घ्या. सबंध पाकीट एका वेळी घोळा, घोट-घोट प्या, २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. खोक्यात मिळणारी गोड पेयं ओआरएससारखी दिसली तरी त्यात साखर भरपूर आणि क्षार तुटपुंजे असू शकतात. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर जुलाब थांबवण्याची लोपेरामाइडची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

करोनाच्या वेळचं जहाज म्हणजे डायमंड प्रिन्सेस. फेब्रुवारी २०२० मध्ये ते योकोहामा बंदरात थांबवून ठेवलं, आणि त्यावरच्या ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना लागण झाली. तेव्हा लसही नव्हती आणि आजाराची नीट ओळखही नव्हती. आज यातून घ्यायचं ते एवढंच की बंद जागेत खोकला लवकर फिरतो. फ्लूची लस निघण्याआधी निदान दोन आठवडे घ्या. लिफ्टमध्ये आणि नाट्यगृहाच्या गर्दीत मास्क घातला तर कुणी हसत नाही.

आपले जुने आजार

आमच्या मते साथीपेक्षा काळजीची गोष्ट ही आहे, आणि तिच्याकडे लक्ष सर्वात कमी जातं. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, ईसीजी आणि साध्या तपासण्या होतात. पण तो दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल नाही, आणि लक्षद्वीपच्या वाटेवर मोठं हॉस्पिटल शेकडो किलोमीटर दूर असतं.

मधुमेहात उलट्या सुरू झाल्या तर काय, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन अन्न पोटात टिकलं नाही, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या उलट्या-जुलाबांत चालू ठेवल्या तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि शरीर कोरडं पडलं असताना मेटफॉर्मिनही सहसा थांबवतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर त्याबद्दलही विचारा. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. न उघडलेली पेनं थंड ठेवावी लागतात, आणि केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता गारवा देतो, तेव्हा ती दवाखान्यात ठेवायला द्या.

रोजच्या गोळ्या सफरीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांच्या जास्त घ्या, पट्ट्यांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुट्या गोळ्या डबीत भरून नेल्या तर जहाजावरच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. गरोदर असाल तर बुकिंगआधीच नियम विचारा. बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यापासून पुढे घेत नाहीत. दवाखान्याचं बिल सहसा केबिनच्या खात्यावर चढतं. घरचा आरोग्य विमा ते देईलच असं नाही, म्हणून वेगळा प्रवासविमा काढा, त्यात जहाजावरून हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा, आणि जुने आजार अर्जात लपवू नका.

परतल्यावर

इंदूरला घरी पोचल्यावर, बाथरूममध्ये डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला की फरशी डोलते. मेंदूने समुद्राचा हिशेब शिकून घेतलेला असतो आणि तो विसरायला त्याला वेळ लागतो. एक-दोन दिवसांत हे जातं. त्यावर पुन्हा गुंगीची गोळी घेऊ नका, विसरायला आणखी उशीर होतो. चालत राहा, उजेडात दूरवर बघा. भिंतीला धरून आंघोळ करा, आणि डोलणं थांबेपर्यंत स्कूटरची किल्ली दुसऱ्याकडे द्या. महिना उलटला तरी जमीन हलतच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि क्रूझवर जाऊन आलो हे त्यांना आठवणीने सांगा. ते सांगितलं नाही तर मानेचे एक्स-रे निघतात.